ग्रॅव्हल बाइक घेऊन मावळात: खोरं धरा, खिंड मोजा

पुण्यातले बरेच जण ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी जाड टायरची सायकल, घेतात आणि मग ती हायवेच्या सर्व्हिस रोडवर चालवतात. आपल्या पश्चिमेला नद्यांची खोरी आणि झाडीचे डोंगर असताना हे बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. उदाहरणाला राजगड-तोरण्याच्या आजूबाजूचा भाग घेतो, म्हणजे कानद आणि गुंजवणीचं खोरं, पण हिशोब मुळशीपासून भोरपर्यंत कुठेही लागू पडतो.

पहिली गोष्ट, राइड किलोमीटरवर प्लॅन करू नका. इथले डोंगर घाटमाथ्यापासून पूर्वेकडे बोटांसारखे पसरलेत आणि प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये एक नदी. बारा मावळांची नावं बघा ना, कानद खोरं, मोसे खोरं, मुठे खोरं, वेळवंड खोरं, पवन मावळ, सगळी नदीवरून. नदीच्या कडेनं पश्चिमेला निघालात की रस्ता हळूहळू चढतो, पायाला फारसं कळतही नाही, आणि शेवटी घाटमाथ्याच्या कड्यावर जाऊन संपतो, पुढं खाली कोकण. पण एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं म्हटलं की खिंड किंवा घाट ओलांडावाच लागतो आणि दम तिथं निघतो. त्यामुळे नकाशावर आधी हे मोजा की राइडमध्ये खिंडी किती. एक खिंड म्हणजे निवांत दिवस, दोन म्हणजे चांगली मेहनत, तीन असतील तर पहाटे अंधारात निघा.

पुणे-सातारा हायवेवरच्या चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यापर्यंत साधारण तीसेक किलोमीटर, हे खोऱ्यातलं सरळ काम, नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी. मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवण्याला फाटा जातो, तिकडं वळलात तर राजगड डोक्यावर घेऊनच सायकल चालते. वेल्ह्यात 1403 मीटरचा तोरणा समोर उभा असतो, त्याच्या पायथ्याशी चहा मारायचा आणि पाय अजून बोलत नसतील तर पुढं गुंजवणी धरणाचा फुगवटा बघत केळदकडं निघायचं. केळद खिंडीचा चढ खरा आहे, पण त्याच्या पलीकडची झाडी आणि पार मढे घाटाच्या कड्यापर्यंतचा पट्टा म्हणजे या भागातला माझा सगळ्यात आवडता. खानापूरकडून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरायचं हा दुसरा पर्याय, पण तो घाट चांगलाच तिखट आहे, पहिल्याच राइडला नको.

आता रस्ता. मुख्य रस्ते बहुतेक डांबरी नाहीतर सिमेंटचे झालेत, कच्चं उरलंय ते वाड्यावस्त्यांवर जाणारं, धरणाच्या पाण्याकडेचं आणि 'रस्त्याचे काम चालू आहे' असा बोर्ड लावून विसरलेलं. दाबलेला मुरूम असेल तर स्वर्ग, बिनधास्त पळवा. नुकतीच टाकलेली मोठी खडी मात्र सायकलवाल्याची शत्रू, तिथं हट्ट करू नका, कडेच्या चाकोरीतनं काढा किंवा सरळ उतरून चाला, टायरची बाजू (साइडवॉल) फाटण्यापेक्षा ते बरं. उन्हाळ्याकडं फुफाटा होतो, त्यात पुढचं चाक वळवायला गेलात की आडवे, म्हणून हँडल सैल धरून पेडल मारत राहायचं. ओढ्यावरच्या फरशी पुलांवर शेवाळ असतं, तिथं वळायचं नाही आणि ब्रेकही लावायचा नाही, जो वेग कमी करायचाय तो आधीच करायचा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, पाणी घोट्याएवढंच दिसतंय वगैरे चर्चा नको.

पुढं रस्ता आहे का हे गावात विचारायचीही एक पद्धत आहे. "मामा, सायकल जाते का?" विचारलंत तर उत्तर "जाते की!" हेच येणार, कारण खांद्यावर घेतली तर सायकल कुठंही जाते. त्याऐवजी विचारा, "ट्रॅक्टर जातो का?" जात असेल तर तुम्ही आरामात जाल. "मोटरसायकल जाते" म्हणाले तर थोडं ढकलावं लागेल. "गुरं जातात" म्हणाले तर गप वळा.

टायर 40 मिमीच्या खाली नको, 45 बसत असतील तर उत्तम. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करूनच घ्या, कारण बाभळीचे आणि बोरीचे काटे रस्त्यावर पडलेले असतात, सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, ते परस्पर निपटतं. सत्तरेक किलोचा माणूस, 40 चा ट्यूबलेस टायर, तर पुढं 32-33 आणि मागं 35-36 पीएसआय (हवेचा दाब) यापासून सुरुवात करून आपलं आपण जुळवा. ट्यूब असेल तर थोडी जास्त हवा ठेवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. गिअरचं म्हणाल तर पुढं 40 दात आणि मागं सगळ्यात मोठं दातेरी चक्र 42 दातांचं, एवढं तरी पाहिजेच, रोड बाइकचं गिअरिंग घेऊन खिंडीत गेलात तर गुडघे आठवण काढतील. पिशवीत प्लग (टायरचं भोक बुजवायला), एक ट्यूब, पंप, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा), शेवटचं तुमच्याच मॉडेलचं पाहिजे, ते पुण्यातही पटकन मिळत नाही तर वेल्ह्यात कुठून मिळणार.

उतरताना हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), दोन्ही पेडल आडवी, बूड थोडं मागं, आणि ब्रेक वळणाच्या आधी. मोकळ्या खडीवर पुढचा ब्रेक हळू. वळणावर आपली डावी बाजू सोडायची नाही, समोरून एसटी किंवा दुधाचा टेम्पो येतो आणि तो हॉर्न देईलच असं नाही.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरही छान, फक्त भातकापणी चालू असते, रस्त्यावर भात वाळत घातलेला असेल तर त्यावरून चाक घालू नका, उतरा. पावसाळ्यात चिखल फ्रेम आणि टायरच्या मध्ये बसतो आणि चाकच फिरत नाही, शिवाय मढे घाटासारख्या ठिकाणी बंदीचे आदेश निघतात, ते आधी बघा. मार्चनंतर ओढे आटतात, त्यामुळे पाणी दोन-अडीच लिटर सोबत पाहिजे, भरायला गावातलं मारुतीचं देऊळ किंवा शाळेचा नळ. खिंडीपलीकडं नेटवर्क गायब होतं, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. जेवण पिठलं-भाकरी, सकाळी जाताना सांगून ठेवलं तर येताना गरम मिळतं.

दोन भीती खऱ्या आहेत. धनगरवाड्याजवळची कुत्री: पळवू नका, उतरा, सायकल मध्ये ठेवून चालत जा, मालक हाक मारतोच. आणि आग्या मोहोळ: कड्यावर किंवा मोठ्या झाडावर लटकलेलं दिसलं तर खाली थांबून फोटो, आरडाओरडा, धूर काही नको, डिओ-परफ्यूम मारून तर येऊच नका.

ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, आतल्या वनविभागाच्या वाटांवर परवानगीशिवाय घुसायचं नाही, नकाशात रेघ दिसते म्हणून ती आपल्यासाठी आहे असं नसतं.

घरी आल्यावर सायकल वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, ब्रश, मग चेन कोरडी पुसून ल्यूब, आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते त्याच वेळी बघून घ्या, ओल्या मातीच्या एका घाटात ते बरेच झिजलेले असतात.