हिब्रू आणि यिडिश नेटवरून शिकायचीय? मग इथून सुरू करा

हिब्रू ही इस्रायलची भाषा, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची. आधी लिपी. दोन्ही भाषांची लिपी एकच, उजवीकडून डावीकडे, २२ अक्षरं, त्यातली ५ शब्दाच्या शेवटी आली की वेगळी दिसतात. रोमन अक्षरातल्या हिब्रूवर वेळ घालवू नका प्लीज, पुढे खरी पुस्तकं तशी मिळणार नाहीयेत.

हिब्रूत खरी अडचण स्वरांची. स्वर दाखवणाऱ्या खुणांना निक्कुद म्हणतात आणि रोजच्या छपाईत त्या नसतातच. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं नुसती दिसली तर ते सेफर म्हणजे पुस्तक की सापर म्हणजे न्हावी हे वाक्यावरूनच ठरवायचं. यासाठी डिक्टा या साइटचं नकदान वापरा, उतारा पेस्ट केला की निक्कुद लावून मिळतं, कधीकधी चुकतं पण सुरुवातीला मोठा आधार आहे. क्रियापदांची सगळी रूपं पेआलिम या साइटवर आणि इंग्रजी अर्थ मॉर्फिक्स या ऑनलाइन डिक्शनरीत.

वाचायला सेफारिया, ही ज्यू धर्मग्रंथांची साइट. मी तर सांगेन थेट बायबलमधलं रूथचं पुस्तक उघडा, ४च अध्याय, सरळ गोष्ट आहे, शेजारी इंग्रजी भाषांतर दिसतं आणि हिब्रू शब्दावर क्लिक केलं की डिक्शनरी उघडते. फक्त बायबलमधलं व्याकरण आजच्या बोलीपेक्षा बरंच वेगळं आहे हे धरून चाला. आधुनिक साहित्यासाठी बेन-येहुदा प्रोजेक्ट ही साइट, १९९९ पासून स्वयंसेवक कॉपीराइट संपलेलं साहित्य टाइप करून फुकट ठेवतायत, केवढं मोठं काम आहे हे! कवी बियालिक नंतर वाचा, आधी कवयित्री राहेलच्या कविता, छोट्या आणि भाषा बोलण्याच्या जवळची.

आता यिडिश. ही हिब्रूची बोली नाही, पाया जर्मन घराण्यातला आहे, त्यामुळे जर्मन येत असेल तर अर्धं काम झालंच. यात स्वर अक्षरांनीच लिहितात म्हणून वाचन उलट सोपं जातं, पण हिब्रूतून आलेले शब्द जुन्याच स्पेलिंगने लिहितात, ते वेगळे पाठ करावे लागतात (सोव्हिएत छपाईत तेही उच्चाराप्रमाणे लिहायचे, म्हणून तिकडचं पुस्तक हाती आलं तर दचकू नका). ड्युओलिंगोवर २०२१ पासून यिडिश कोर्स आहे पण त्यातले उच्चार हसिदी (हा ज्यूंचा एक धार्मिक पंथ) वळणाचे, पाठ्यपुस्तकातलं 'गुट' (म्हणजे चांगलं) तिथं 'गिट' ऐकू येतं. दोन्ही बरोबरच आहेत, आपण एक पकडायचं.

खरा खजिना म्हणजे यिडिश बुक सेंटर. आरन लान्स्की यांनी १९८० मध्ये लोक टाकून देत असलेली यिडिश पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली आणि आज त्यातली ११,००० हून जास्त स्कॅन होऊन फुकट वाचता येतात, डाउनलोडही होतात. आतल्या मजकुरात शब्द शोधायचीही सोय आहे. तिथंच यिडिश पुस्तकांची वाचून रेकॉर्ड केलेली ऑडिओ आहेत, लोकांच्या मुलाखतींचे व्हिडिओ आहेत. शब्दांसाठी व्हेर्टरबुख ही ऑनलाइन डिक्शनरी चांगली, पैसे भरावे लागतात. लेखक, गावं, चळवळी यांची माहिती हवी तर यीवो या यिडिश संशोधन संस्थेचा पूर्व युरोपातल्या ज्यूंवरचा विश्वकोश, तो फुकट आहे.

एकच गोष्ट घ्या जिचं स्कॅन पण आहे आणि ऑडिओ पण, आधी पानावर बोट ठेवून ऐका, मग ऑडिओ बंद करून तेच पान मोठ्याने वाचा, आणि अडलेले शब्द शेवटी एकदम डिक्शनरीत बघा, प्रत्येक शब्दाला थांबलात तर गोष्ट हातातून जाते.