तुमची नजर तुमच्याच जुन्या फोटोंत शोधा

लग्नसराईची कामं करून हात बसलेला असतो, पण फोटो पाहून काढणारा ओळखू येत नाही. अशा वेळी नवा प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) किंवा नवी लेन्स घेण्याआधी जुनी हार्ड डिस्क उघडा.

गेल्या तीन वर्षांत ऑर्डरबाहेर, केवळ स्वतःसाठी काढलेले फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. त्यातले 200 निवडून कलर लॅबमधून 4×6 इंचांचे प्रिंट काढा. मोबाइलवर निवड करू नका. छोट्या स्क्रीनवर भडक रंग आणि मोठा चेहराच बाजी मारतो, शांत फोटो मागे पडतात. प्रिंट सतरंजीवर पसरा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं लिहा: किती फुटांवरून काढला, कोणती लेन्स, किती वाजता, समोरच्याला ठाऊक होतं का. मग गट पाडा. ‘मंदिर’, ‘शेत’, ‘यात्रा’ असे विषयाचे गट नकोत. अंतर, प्रकाश आणि माणसाची चौकटीतली जागा पाहा. आठवड्यानं 200 चे 60 करा, आणखी आठवड्यानं 20.

इथं हमखास एक चूक होते. चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणून काढलेला फोटो त्या दगदगीमुळेच आवडतो. पाहणाऱ्याला दगदग दिसत नाही. तो बाजूला काढा. भरपूर लाइक मिळालेला फोटोही याच नियमानं तपासा.

उरलेल्या 20 पैकी 12-13 फोटोंत एकच सवय दिसली, तर ती धरा. फक्त ती भीड तर नाही ना, हे आधी तपासा. सगळी माणसं पाठमोरी असतील, तर पुढचे दहा फोटो परवानगी मागून, समोरून, सहा फुटांवरून काढा. त्यानंतरही पाठमोरा फोटोच जास्त बोलका वाटला, तर ती तुमची निवड.

आता घरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतला एकच विषय वर्षभर धरा. बीडकडचे असाल तर ऊसतोडीचं पूर्ण चक्र समोरच आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात तेव्हा भरलेल्या वाहनांचे फोटो सगळेच काढतात. त्याआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, मागे राहिलेले म्हातारे आणि पोरं, कुलूप लागलेली घरं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत उघडणारी दारं, हे टिपायला त्याच गावात पुन्हा पुन्हा जावं लागतं. एकच लेन्स वापरा: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 मिमी, क्रॉप (लहान) सेन्सरवर 24 मिमी. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच घ्या.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा, हाही शैलीचा भाग आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं करडं धरून चालतं. म्हणून वेरूळचा काळा बेसॉल्ट धुरकट, फिकट येतो, कॅमेऱ्यातली एक्स्पोजरची भरपाई -0.7 ते -1 ठेवा. बीबी का मकबऱ्याचा पांढरा रंग उलट मळकट येतो, तिथे +0.7 ते +1. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला असल्यानं दुपारनंतर जा. मंगळवारी वेरूळ बंद असतं. पांढरं धोतर-नेहरू शर्ट घातलेल्या सावळ्या माणसाचं मीटरिंग चेहऱ्यावर, स्पॉटनं (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजून) करा. कपडे फोटोत नुसते पांढरेफटक येऊन तपशील जायला लागला तर त्याला सावलीत उभं करा. आणि स्टुडिओतली चेहरे गोरे करण्याची सवय इथं पूर्ण सोडा. उन्हातान्हात रापलेला रंग पुसला की माणूसच पुसला जातो.

वर्षभरानं सवयीचाच कंटाळा आला तर विषय तोच ठेवून साधन बदला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्यानं कॅमेराही हाती घेतला होता आणि हीच लेणी त्यातूनही टिपली. तुम्हाला रंगीतवरून कृष्णधवलकडे किंवा 35 वरून 85 मिमीकडे जाऊन पाहता येईल. दोन्ही बदल एकदम करू नका. फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

शेवटी नवे 20 प्रिंट जुन्या 20 च्या खाली ओळीनं मांडा. ज्यांचे फोटो काढलेत त्यांना एकेक प्रिंट नेऊन द्या आणि तो पाहून ते काय बोलतात ते तुमच्या प्रतीच्या मागे, तारखेसह लिहा.