संकुलाचं कॅन्टीन घेण्याआधी फाटकाशी बसा

सुदामानगरातल्या घरून मी आठ वर्षं डबे पुरवले. साठ डबे, मदतीला दोन बाया आणि एक जुनी ॲक्टिवा. २०२१ च्या दिवाळीनंतर इंदूरमधल्या एका सार्वजनिक क्रीडा-संकुलाच्या कॅन्टीनची निविदा निघाली, तेव्हा वाटलं, साठ जणांचं करते तर सहाशेंचंही करीन. तीन वर्षं ते कॅन्टीन चालवलं. पहिलं वर्ष तोट्यात, दुसरं जेमतेम, तिसऱ्यात चार पैसे दिसले. संकुलाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी गाऱ्हाणीही आहेत. अलीकडे ओळखीतल्या दोघींनी "ताई, आम्ही भरू का टेंडर?" म्हणून फोन केले. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहून ठेवते.

आधी निविदा कुठल्या जातीची आहे ते बघा. खेळाडूंच्या शिबिराचं जेवण, वसतिगृहाची मेस अशा कामात कार्यालय तुम्हाला पैसे देतं आणि सगळ्यात कमी दर टाकणाऱ्याला काम मिळतं. याला बाबू लोक 'एल-वन' म्हणतात. संकुलाच्या, बागेच्या, तरणतलावाच्या कॅन्टीनचं बहुधा उलट असतं. जागा त्यांची, धंदा तुमचा, आणि दरमहा परवाना शुल्क तुम्ही त्यांना द्यायचं. जो सगळ्यात जास्त कबूल करील तो 'एच-वन', जागा त्याची. यात तुमचे पोहे विकले जावोत की परातीत वाळोत, कार्यालयाचा आकडा ठरलेला. त्यामुळे आकडा फुगवू नका असं तिकडून तुम्हाला कुणीही सांगणार नाही. मी दरमहा ४०,००० भरले. दर उघडले तेव्हा कळलं, दुसऱ्या नंबरच्या माणसाने २७,००० भरले होते. त्या दिवशी मी घरी पेढे आणले. नवऱ्याने एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "हे वरचे तेरा हजार कशाचे?"

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. निविदा ऑनलाइन भरायची असते आणि त्यासाठी क्लास थ्रीची डिजिटल सही लागते. ती शेवटच्या दोन दिवसांत काढायला धावू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे म्हणजे अनामत रक्कम माफ, असं धरून चालू नका. निविदेत तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच माफ. डबेवाल्या बायकांचं खरं अडतं ते अनुभवपत्रापाशी. मी एका मुलींच्या वसतिगृहाला दोन वर्षं जेवण दिलं होतं आणि तिथली पक्की बिलं जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. तुम्ही आज कुणाला पंचवीस माणसांचं जेवण देत असाल, तरी बिल करा आणि वर्षाअखेरीस त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या.

आता मी जिथे फसले ते. निविदेत लिहिलं होतं, 'सदस्यसंख्या १,४००'. त्या आकड्याला भुलून मी सकाळच्या नाश्त्यावर सगळा जोर लावला. पहाटे साडेचारला कारीगर, पाचला भट्टी पेटलेली, साडेपाचला पोहे तयार. इंदूरचे पोहे म्हणजे आमच्या घरचे कांदेपोहे नव्हेत बरं. हे बडीशेप घातलेले, खाली पाणी उकळत ठेवून वाफेवर गरम राखलेले, वरून शेव, कच्चा कांदा आणि जीरावन, म्हणजे इथला चटपटीत मसाला. वाफेवर तासनतास राहतात, म्हणून कॅन्टीनला यासारखा पदार्थ नाही. पण खायला माणूस तर हवा! साडेपाच ते आठ फाटकातून सगळ्यात जास्त गर्दी आत यायची आणि तशीच बाहेर निघून जायची. पोहणाऱ्याला ओला टॉवेल घेऊन घर गाठायचं असतं, नोकरदाराला ऑफिस दिसत असतं, आणि चालायला येणाऱ्या काकांना डॉक्टरांनी शेव बंद केलेली असते. निम्मे फुकट बातम्या वाचून अर्धा चहा घेत, अर्धे तोही घेत नसत.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी वही घेऊन चार दिवस फाटकाशी बसले. एक मंगळवार, एक शनिवार, एक रविवार आणि एक सुट्टीचा दिवस. तासातासाला किती आत आले, किती कॅन्टीनकडे वळले, त्यांच्याबरोबर कोण होतं, एवढंच लिहिलं. त्या वहीने मला सांगितलं की व्यायाम करणारा खात नाही, वाट बघणारा खातो. संध्याकाळी साडेचार ते साडेसात बॅडमिंटन, स्केटिंग आणि पोहण्याच्या बॅचेस असतात. लहान मुलं आत, त्यांच्या आया, आजोबा, कुठे एखादा ड्रायव्हर बाहेर तासभर बाकावर. त्यांना बसायला सावली, पंखा आणि समोर काहीतरी चटकदार लागतं. तासाभराने पोर पाण्यातून बाहेर येतं ते नुसतं वखवखलेलं. त्या वेळी आई भाव विचारत नाही. आणि नेमकं त्याच वेळी माझ्याकडे चहा-बिस्किटांपलीकडे काही नसायचं, कारण कारीगर पहाटेपासून राबून दुपारीच घरी गेलेले!

मी पाळी उलटी केली. सकाळी एकच माणूस, चहा आणि एक पातेलं पोहे. संध्याकाळी दोन कारीगर, साबुदाणा खिचडी, भाजलेली सँडविचेस, थंडीत गराडू, म्हणजे तळून मसाला भुरभुरलेला इथला कंद. गल्ला तिथून सुधारला.

म्हणून निविदा भरण्याआधी कार्यालयातून सदस्यांची संख्या नाही, प्रशिक्षणाच्या बॅचेसचं वेळापत्रक मागून घ्या. मुलांची वयं विचारा. बारा वर्षांच्या आतलं मूल मोठ्या माणसाला बरोबर आणतं, सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्या गाडीवर येतो आणि कोल्ड कॉफी पिऊन निघतो. तलाव वर्षात किती महिने चालू असतो तेही विचारा. आमचा डिसेंबर ते फेब्रुवारी बंद असे, आणि एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत अक्षरशः जत्रा. शुल्क मात्र बाराही महिने तेवढंच.

सूचनावहीतल्या सूचनांवर धंदा उभा करू नका. आमच्या वहीत दर पानावर 'मोड आलेली कडधान्यं ठेवा', 'तळलेलं बंद करा'. बारा दिवस ठेवली. रोज रात्री ते मूग घरी येऊन उसळ व्हायची, सासूबाई वैतागल्या. ज्यांच्या अक्षरातल्या सूचना होत्या ते कचोरी खाऊन हात पुसायला कागद मागत. कडधान्यं ठेवा, पण वाटीभर.

हिशेबाचं बघा. महिना ४०,००० शुल्क. जीएसटी नोंदणी असेल आणि जागा महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेची असेल, तर त्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने आपल्यालाच भरावा लागतो. म्हणजे आणखी ७,२००. खाण्यावर आपण ग्राहकाकडून ५ टक्के घेतो, पण त्या ५ टक्क्यांच्या सोयीत आपण आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा हे ७,२०० सरळ खिशातून जातात. मला हे चौथ्या महिन्यात सीएंनी सांगितलं, व्याजासकट. एकूण ४७,२००. महिन्यात २६ दिवस धंद्याचे धरले तर रोज साधारण १,८१५ रुपये. कच्चा माल, गॅस आणि मजुरी जाऊन प्लेटमागे ६ रुपये सुटत असतील, तर नुसत्या भाड्यासाठी रोज ३०३ प्लेटा विकायला हव्यात. घरचं पीठ-मीठ त्यानंतर. फाटकाशी बसून काढलेला तुमचा आकडा ३०३ च्या पुढे जात असेल तरच ४०,००० भरा. मी हे गणित निविदेनंतर चौदा महिन्यांनी केलं.

दरपत्रक आणखी एक जाळं आहे. पदार्थांचे भाव करारात तीन वर्षांसाठी बांधलेले असतात. २०२२ च्या उन्हाळ्याआधी युक्रेनचं युद्ध पेटलं, मग एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि खाद्यतेल कडाडलं. सोयाबीनच्या मंडीच्या गावात राहून मी तेलाने मार खाल्ला. दरवर्षी भाव वाढवून मिळण्याचं कलम आहे का, ते निविदापूर्व बैठकीत उभं राहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तसंच प्रत्येक पदार्थाचं वजन दरपत्रकात लिहून घ्या. आमच्या यादीत नुसतं 'पोहे एक प्लेट' होतं. एका पाहुण्या अधिकाऱ्याला प्लेट छोटी वाटली, आणि पुढचा महिनाभर मी खुलासे लिहीत बसले.

खाद्यपरवाना जागेला जोडलेला असतो. घरच्या डब्यांचा परवाना संकुलात चालत नाही, नवा काढावा लागतो, आणि त्यासाठी जागेच्या ताब्याचा कागद हवा. आमचा करार सही होऊन यायला पाच आठवडे लागले, शुल्क मात्र ताबा दिल्याच्या तारखेपासून सुरू! खिडकीवर विचारलं तर तिथले भाऊ म्हणाले, "भिया से पूछ लो, हमारे हाथ में कुछ नहीं." भिया म्हणजे इंदुरी भैया, इथे वरचे बाबू. ते रजेवर होते. 'शुल्क परवाना मिळाल्याच्या तारखेपासून' हे वाक्य करारात घालता आलं तर घाला.

स्वयंपाकघरात मी तीनच गोष्टींवर हट्ट धरला. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू वाढतात, म्हणून साडेतीनशे रुपयांचा थर्मामीटर घेतला आणि कारीगरांना रोज दोनदा वहीत आकडा लिहायला लावला. दुसरं तेल. तळणीच्या तेलात पोलर संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते कायद्याने वापरता येत नाही. २०१८ च्या जुलैपासून हा नियम आहे. कारीगर मात्र "अजून दोन घाणे निघतात" म्हणतोच म्हणतो. काळं तेल मी स्वतः डब्यात ओतून जैवइंधनवाल्यांना देत असे, कारण कारीगराच्या हाती राहिलं की ते कढईत परत येतं. तिसरं, १९ किलोचाच व्यावसायिक सिलिंडर. घरचा लाल सिलिंडर एकदा जरी तपासणीत सापडला तर सारं मुसळ केरात. तलावाशेजारचं कॅन्टीन असेल तर काचेचे ग्लास नकोतच, अनवाणी मुलं पळत असतात. आणि क्लोरीनच्या गोण्या कोरडं धान्य ठेवायच्या खोलीला लागून नाहीत ना, हे ताबा घेण्याआधी आत जाऊन बघा. आमच्याकडे होत्या. पोह्यांच्या पोत्याला महिनाभर तलावाचा वास येत होता.

कचऱ्याची गंमत इंदूरबाहेरच्यांना कळायची नाही. २०१७ पासून गाव वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलंय, तेव्हा इथे ओल्या कचऱ्यात एक पाऊच सापडला तरी गाडीवाला पिशवी परत हातात देतो. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, रोज ५५० टन क्षमतेचा, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला. त्याच वर्षी जुलैपासून एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास, प्लेट, चमचे बंद झाले. डिस्पोजलचा माझा खर्च एका आठवड्यात वाढला. मग स्टीलच्या प्लेटा घेतल्या आणि एक भांडेवाली मावशी वाढवली. दोन महिन्यांत ते स्वस्त पडलं, पण धुण्याच्या मोरीला जागा असावी लागते. नकाशात मोरी शोधा.

करारातली कलमं वाचताना तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करा. स्पर्धांच्या वेळी बाहेरचा केटरर आणायची मुभा कार्यालयाला आहे का? असेल तर तुमचे वर्षातले सगळ्यात मोठे दिवस दुसऱ्याच्या घशात जातात. संकुल शासकीय कामासाठी घेतलं तर शुल्कात सूट आहे का? नेहरू स्टेडियममध्ये निवडणुकीचं काम चालतं हे सगळं इंदूर जाणतं. आमच्या संकुलातही २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी बंदोबस्ताची माणसं उतरली, सदस्यांना दहा दिवस फाटक बंद, आणि शुल्क पूर्ण. तिसरी खूण वेगळ्या वीजमीटरच्या कलमाला. पहिल्या वर्षी मी संकुलाच्या दिव्यांचंही बिल भरत होते.

आणि कार्यालयाचा फुकट चहा. तो करारात नसतो. मी रोजचे दहा कप मनाशी धरले होते, निघाले चाळीस. शेवटी साहेबांना वही दाखवून महिन्याचं बिल सुरू केलं. साहेबांनी एक शब्द न बोलता सही केली. खालच्या माणसांनी मात्र वर्षभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

ताबा घेताना सामानाची यादी देतात. त्या दिवशी माझं लक्ष भट्टी कुठे बसवायची याकडे होतं, दोन पानी यादीवर उभ्या उभ्या सही केली. २०२४ च्या अखेरीला जागा सोडली. अनामत परत यायला सात महिने लागले, आणि आली ती एका एक्झॉस्ट पंख्याची किंमत कापून. भिंतीत त्या पंख्याचं गोल भोक पहिल्या दिवसापासून होतं, मी स्वतः त्याला जाळी ठोकली होती. तेव्हा एक फोटो काढून ठेवला असता तर.