वर्ग सहाचा, कार्यक्रम सातचा: शिकवणाऱ्या-वाजवणाऱ्यांनो, या चुका टाळा

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या शिकवणीच्या खोलीच्या दारात नऊ वर्षांचा मुलगा पाऊण आकाराचं व्हायोलिन पाठीला लावून उभा, मागे त्याची आई, आणि माझ्या खिशात फोन थरथरतोय. कांदोळीच्या बाजूच्या एका हॉटेलातून विचारणा: "सर, सात वाजता लागाल ना?" मी त्या आईला म्हटलं, "आज जरा अडचण आहे, पुढच्या आठवड्यात दोन तास घेऊ." असं त्या महिन्यात तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्या वेळी म्हणायची गरज पडली नाही, मुलगा यायचाच बंद झाला.

व्हायोलिन आणि गिटार शिकवणं आणि वाजवणं अशी दोन्ही कामं करत मला बरीच वर्षं झाली. आमच्यातले जे मागे पडले ते हात चालत नव्हता म्हणून पडले, असं मला फारसं दिसलं नाही. संध्याकाळचे तेच दोन तास दोघांना विकले म्हणून पडले. या लेखातल्या बहुतेक चुका फिरून तिथेच येतात.

तेच दोन तास दोनदा विकणं

शिकवणीचं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतली मुलं, ती बहुधा चार ते आठ याच वेळात मोकळी. कार्यक्रमाचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेल, किनाऱ्यावरची शॅक (खाण्यापिण्याची झोपडी), लग्न. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो (सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी हे ठरवलं; सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं), म्हणून सगळे सातलाच सुरू करतात. साउंड चेक साडेपाचला. म्हणजे मुलगा हवा असतो त्याच वेळी तुम्ही हवे असता.

यावर नवीन शिक्षक हमखास एक उपाय करतात, मीही केला: वर्ग सगळे दिवस ठेवायचे आणि कार्यक्रम आला की तेवढा वर्ग पुढे ढकलायचा. हिशोब करून बघा. समजा एका मुलाची फी महिन्याला 2000 रुपये. तो वर्षभर टिकला तर 24,000, आणि त्याच्यामागून त्याची धाकटी बहीण आली तर आणखी. एका संध्याकाळच्या 4,000 साठी हे घालवायचं का? त्या संध्याकाळी मला हा हिशोब सुचला नाही, कारण 4,000 हातात दिसत होते आणि 24,000 दिसत नव्हते.

आता माझे सोमवार ते गुरुवार वर्गाचे. त्या दिवशी कुणी कितीही पैसे सांगितले तरी "त्या वाराला मी वाजवत नाही" एवढंच उत्तर. शुक्रवार-शनिवार बाहेरचे. रविवारी सकाळी मोठी माणसं शिकायला येतात. बँकेतले, शाळेतले, निवृत्त झालेले. त्यांची संध्याकाळची भानगड नसते आणि फी वेळेवर येते. दोन हॉटेलांनी मला सोडलं हे खरं. पण एकाने "सर शुक्रवारचेच मिळतात" म्हणून वर्षभराचे शुक्रवार बांधून घेतले.

तसं पाहिलं तर ही दुहेरी नोकरी गोव्यात नवी नाही. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, संगीतशाळांतला मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा आणि सणाला चर्चमध्ये वाजवायचाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजवत आणि शिकवत; प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मेस्ताला मात्र एक सोय होती. शिकवायचं आणि वाजवायचं ठिकाण एकच, आणि बोलावणारा पाद्रीही एकच.

वर्ष बारा महिन्यांचं धरणं

आमचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पर्यटक. नाताळानंतर ख्रिस्ती लग्नं जोरात, मग कार्निव्हल झाला की चाळीस दिवसांचा उपासकाळ, त्यात लग्नं जवळजवळ बंद. ईस्टरनंतर एप्रिल-मे पुन्हा धावपळ. कार्तिकापासून जत्रा आणि त्यांतली नाटकं, संगीत नाटकाला व्हायोलिनवाला लागतो. आणि जून ते सप्टेंबर? पाऊस बघत बसा.

चूक अशी होते की नवीन मुलं नोव्हेंबरात घेतली जातात, कारण तेव्हा हात खुला असतो, उत्साह असतो, "स्टेजवर पाहिलं म्हणून आलो" म्हणणारे पालक असतात. आणि नेमके तेव्हाच तुम्ही दमलेले. नवीन मुलाचे पहिले तीन महिने सगळ्यात जास्त लक्ष मागतात. बो (व्हायोलिनचा गज) धरायला शिकवणं म्हणजे एकेक बोट हाताने नेऊन ठेवणं. ते जूनमध्ये करा. पावसात तुमच्याकडे वेळ आहे, मुलाकडे खेळायला मैदान नाही, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) घरच्या आरतीत दोन ओळी वाजवायचं उद्दिष्ट समोर आहे. पालक विचारतातच, "सर, चवथीला आरती तरी येईल ना?" जूनमध्ये सुरू केलेला मुलगा सोपी चाल सरळ स्वरांत काढू शकतो. बेसूर काढेल, पण काढेल, आणि आजी रडेल. तो मुलगा पुढची दोन वर्षं कुठे जात नाही.

पावसात वाद्याला औषध म्हणून पक्कड लावणं

इथे जरा थांबतो, कारण जुलै आला की दर आठवड्याला कुणीतरी याच तक्रारी घेऊन येतं.

व्हायोलिनची खुंटी अडकते. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. एका मुलाच्या वडिलांनी पक्कड लावली. खुंटीचं डोकं त्यांच्या हातात आलं, बाकीची आत. असं करू नका. वाद्य एक रात्र एसीच्या किंवा कोरड्या खोलीत ठेवा, सकाळी खुंटी आत न दाबता हळूच बाहेर ओढत फिरवा. सुटली की काढून जिथे घासते तिथे कोरडा साबण आणि वरून खडू, अगदी पातळ. साबण घसरवतो, खडू धरून ठेवतो. डिसेंबरात उलटं होतं, खुंटी घसरते. तेव्हा नुसता खडू.

गिटारची तक्रार वेगळी: "सर, तारा वर आल्या, बोटं दुखतात." यावर बहुतेकजण ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी धातूची सळी) पिळतात. आधी एवढं करा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबा, दुसऱ्या हाताने मान जिथे पेटीला मिळते तिथे दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. कागद जाईल एवढीच फट असेल तर मान सरळ आहे. दोष पेटीच्या वरच्या फळीचा आहे, ती ओलीने फुगून ब्रिजला (तारा टेकतात त्या पट्टीला) वर उचलते. ट्रस रॉड मानेत असतो, तो पोट कसं आत घेणार? वाद्य कोरड्यात ठेवा आणि धीर धरा. ऑक्टोबरात बहुतेक वेळा आपोआप उतरतं. फट ठळक दिसली तरच रॉडला हात लावा, तोही पाव फेऱ्याने, आणि जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे.

कपाटात दिवा लावून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. कपड्यांना ठीक. व्हायोलिनला दिव्याची ऊब एका बाजूने लागते आणि जोड उघडतात. वाद्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 45 ते 60 टक्क्यांच्या मध्ये असला की झोप लागते. आणि वाजवून झालं की बोचे केस सैल करायचे, हे मुलांना शंभरदा सांगून स्वतः समुद्रकाठच्या कार्यक्रमानंतर विसरणारे शिक्षक मी पाहिलेत. (आरशातही.) खाऱ्या हवेत वाजवल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत तर आठवड्यात तांबूस होतात.

एकाच व्हायोलिनवर दोन घराण्यांचा संसार

आमच्या भागातली ही खास अडचण. सकाळी मुलाची लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेची तयारी, तिथे तारा जी-डी-ए-ई. रात्री जत्रेत नाट्यगीतं, तिथे सा-प-सा-प. गायिका काळी पाचमध्ये (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणारी असेल तर जी आणि डीच्या तारा तीन-तीन अर्धस्वर चढवाव्या लागतात, ए आणि ई अर्ध्याने. सकाळी पुन्हा उतरवा. आठवड्यात तीनदा असं केलं की आधी ब्रिज पुढे झुकतो, मग तार तुटते, आणि तुटते ती नेमकी पडदा उघडायच्या आधी.

पहिल्या कमाईतून दुसरं व्हायोलिन घ्या. महाग नको, पण बैठकीच्या सुरांना वेगळं. तोवर निदान प्रत्येक वेळी ब्रिज दोन बोटांनी सरळ उभा करायची सवय लावा.

शिकवणं म्हणजेच रियाज, असं समजणं

दिवसभर वाद्य हातात असतं, म्हणून वाटतं की हात तयार आहे. एकदा मी माझा कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐकला. चौथं बोट सतत किंचित उतरलेलं. का, ते दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. सहा तास मी पहिल्या पोझिशनमधले (डावा हात मानेच्या टोकाशीच ठेवून वाजवायचे), तिसऱ्या ग्रेडपर्यंतचे तुकडे वाजवून दाखवत होतो, तेही मान वळवून मुलाच्या बोटांकडे बघत. आणि कान सहा तास बेसूर ऐकून मऊ झालेले.

वर्ग सुरू व्हायच्या आधी, सकाळी एक तास स्वतःचा. लांब बो, संथ स्केल, ट्यूनरशिवाय. याला पर्याय मला सापडला नाही. मनगट दुखत असेल तर आधी वर्गातली खुर्ची तपासा. गिटार शिकवणारे बहुधा मुलाच्या खुर्चीएवढ्या बुटक्या स्टुलावर वाकून बसतात आणि मग डाव्या हाताला दोष देतात.

कानांबद्दल थोडक्यात: 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ अर्धा होतो. म्हणजे 94 ला एक तास. ड्रमवाल्याच्या शेजारी उभं राहून दोन सेट वाजवणाऱ्याने इअरप्लग घालावेत. उद्या त्याच कानांनी मुलाचा सूर पारखायचाय.

पैशाचं बोलायची लाज

वर्गाची फी "जितके आले तितक्याची" ठेवली की मे महिना आणि चवथीची सुट्टी तुमच्या खिशातून जाते. तीन महिन्यांची फी आधी घ्या. तुमच्यामुळे बुडालेला तास भरून द्या, मुलामुळे बुडालेला नाही. हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. तोंडी सांगितलेलं पालक विसरतात, आणि आपणही. पर्वरी, ताळगाव, पणजी अशा चार घरी जाऊन शिकवत असाल तर पुलावरच्या गर्दीत गेलेला तासही फीमध्ये धरा. कार्यक्रमाचंही तसंच: किती सेट, साउंड कुणाचा, जेवण आहे का, रद्द झालं तर काय, आणि अर्धे पैसे आधी. हॉटेलं उरलेले पैसे महिना-दीड महिन्याने देतात, तेही टीडीएस कापून. कापलेला कर आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो का ते बघा आणि रिटर्न भरा. मी पहिली काही वर्षं भरलं नाही. परत मिळाले असते ते पैसे सरकारजमा झाले.

विद्यार्थ्याला "अनुभव मिळेल" म्हणून फुकट वाजवायला नेणं हीदेखील पैशाचीच लाज. आपल्याला मिळाले तर त्यालाही द्या, थोडे का होईना, आणि पालकांना सांगून.

कागद नंतर बघू म्हणणं

स्टेजवरची पंधरा वर्षं शाळेतल्या नोकरीच्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायची? रकाना नसतो. पंचविशीत परीक्षा सोप्या जातात, चाळिशीत मुलांच्या शेजारी बसून द्यायला संकोच वाटतो. पाश्चात्त्य वाजवणाऱ्यांनी आठव्या ग्रेडवर न थांबता एटीसीएल, एलटीसीएल या ट्रिनिटीच्या डिप्लोमांकडे बघावं. हिंदुस्तानी वाजवणाऱ्यांनी गांधर्व महाविद्यालयाची विशारद. पणजीत कला अकादमीच्या वर्गांत किंवा आल्तिन्होवरच्या संगीत महाविद्यालयात चौकशी करायला अर्धा दिवस पुरतो. तो अर्धा दिवस मोसमात मिळत नाही, पावसात मिळतो.

बदली माणूस न ठेवणं

एवढं सगळं सांभाळूनही कधीतरी वर्गाच्या दिवशी नाही म्हणता येणार नाही असं बोलावणं येतं. घरचं लग्न असतं, ताप येतो. त्यासाठी आधीपासून दुसरा शिक्षक बांधून ठेवा, आणि त्याला तुमची वही द्या: कुठला मुलगा कुठल्या पानावर, कुणाचा अंगठा आत वळतो. बरेचजण हे टाळतात, मुलं तिकडे जातील या भीतीने.

माझ्याकडे गरज पडली की म्हापशाची एक माजी विद्यार्थिनी येते. तिसऱ्या खेपेनंतर दोन मुलांच्या आयांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, रागावू नका, पण ती बाई मंगळवारीपण येऊ शकेल का?"