पुण्यात बसून दर्याचे विरहगीत कसे लिहावे

दूर गेलेल्या माणसासाठी समुद्राचे गीत लिहायला बसले की लाटा, चंद्र आणि क्षितिज आपोआप कागदावर येतात. ते खोडून टाकावेत आणि मागे राहिलेल्या माणसाचा एक दिवस बारकाव्यांसह लिहून काढावा. माझा मुलगा मालवाहू जहाजावर होता, तेव्हा दर पावसाळ्याआधी मी त्याचा लोकरी स्वेटर गच्चीत उन्हाला घालत असे; माझ्या गीताचे ध्रुपद त्या स्वेटराच्या उसवलेल्या बाहीपासून सुरू झाले.

त्यानंतर दर्याचे वेळापत्रक समजून घ्यावे. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. वाट पाहणारी बाई दिवस मोजते ते या तिथींवर, त्यामुळे एक कडवे उधाणाचे आणि एक भांगाचे ठेवले, तर तिच्या मनाची भरती-ओहोटी वेगळी सांगावी लागत नाही. नारळी पौर्णिमेला मात्र स्वतंत्र कडवे द्यावे, कारण कोळीवाडा दर्याला नारळ वाहून ज्या मोसमाचे स्वागत करतो, त्याच मोसमात तिचा धनी पुन्हा तिच्यापासून दूर जाणार असतो.

गीत कोणाला उद्देशून आहे, हेही आधी ठरवावे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या सावरकरांनी 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर मायभूमीच्या ओढीने थेट सागरालाच जाब विचारला, आणि त्या कवितेचे बळ त्या संबोधनात आहे.

पुणेकराने नदीला दूत करू नये. मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. आपले माणूस अरबी समुद्रावर असेल, तर निरोप भलतीकडे जाईल. जूनमध्ये सह्याद्री ओलांडून येणारा ओला वारा मात्र त्याच समुद्रावरून येतो, म्हणून निरोप पाठवण्याऐवजी तिकडून येणारा निरोप ऐकावा. कोळी बोली घरची नसेल, तर ओळीला नुसते ‘गो’ जोडून ती उसनी आणू नये.

ओळीचा शेवट शक्यतो ‘आ’ किंवा ‘ओ’ या स्वरावर करावा, म्हणजे गाताना तो लांबवता येतो. पेटी न घेता एकदा मोठ्याने गाऊन पाहावे आणि जिथे श्वास अपुरा पडेल, तिथला एखादा शब्द काढावा. शेवटच्या कडव्यात जहाज परत आणण्याचा मोह होतो. ते बंदरात आणू नये.