वावरातला धोंडा दोघांनी कसा काढावा

उन्हाळवाहीत दरवर्षी त्याच धोंड्याला फाळ अडतो आणि दरवर्षी आपण त्याला वळसा घालतो. तो काढायला जेसीबी कशाला? दोन माणसं, ५ फुटी सब्बल (लोखंडी पहार), फळी, दोर आणि रिकामी बंडी, म्हणजे बैलगाडी, असली की भागतं.

आधी भोवतालची वीतभर माती खणा. मे महिन्यात काळी माती विटेसारखी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी सोडा. पण सब्बल लावायची ती बाजू कोरडीच ठेवा. आम्ही एकदा चहूकडून भिजवली. तिघं सब्बलीवर लोंबकळलो, धोंडा जागेवर आणि टेकूचा दगड मात्र जमिनीत. तेव्हापासून टेकूखाली फरशीचा तुकडा घालतोच.

सब्बलीचं टोक धोंड्याखाली सारा, टोकापासून ६ इंचांवर टेकू ठेवा. मागे ५४ इंच उरतात, म्हणजे जोर नऊपट. दीड क्विंटलचा धोंडा एका कडेने उचलायला साधारण निम्मं, ७५ किलो वजन पेलावं लागतं. हाताला लागतात जेमतेम ८-९ किलो. टेकू टोकापासून फूटभरावर गेला की तेच १९ होतात.

फुकट काही नाही. हात नऊ इंच खाली येतो तेव्हा धोंडा इंचभर उठतो. दुसऱ्याने तेवढ्यात खाली दगडाच्या चिपा साराव्यात, त्याही काठीने. सब्बल सटकली तर बोटं जातात, शिवाय खाली विंचू असतोच. दाबणाऱ्याने हनुवटी सब्बलीवर आणू नये.

आता बंडी. बैल सोडा, चाकांना दगड लावा आणि मागच्या बाजूला खालून भक्कम टेकू द्या, नाहीतर धोंडा काठावर येताच बंडी उलाळेल, म्हणजे मागे कलंडेल. बंडी ३ फूट उंच असेल तर फळी ९ फुटी घ्या. घासण सोडली तर ओढ दीड क्विंटलवरून ५० किलोवर येते. धोंडा गोलसर असेल तर दोन दोरांची टोकं बंडीच्या मागच्या काठाला बांधा, दोर धोंड्याखालून फिरवून वर आणा आणि बंडीत उभं राहून दोघांनी ओढा. धोंडाच कप्पी होतो, ओढ पुन्हा निम्मी. फळीच्या खालच्या अंगाला कोणी उभं राहू नये.

वर आला की आसाच्या किंचित पुढे सरकवा, टेकू काढा, मग बैल जुंपा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरवताना फळी लागत नाही. बैल सोडून जू वर उचला. मघाशी भीती होती ती उलाळ आता धोंडा खाली टाकते.