आई-बाबांना घेऊन नाईल क्रूझला निघताय? मग तयारी अशी करा

तारीख आधी ठरवा, आणि ती मुलांच्या शाळेकडे बघून नाही, उन्हाकडे बघून ठरवा. मे महिन्यात क्रूझ स्वस्त मिळते, ऑफर बघून मोह होतो, पण बरोबर साठीच्या पुढचे आई-बाबा असतील तर कृपा करून नको. इजिप्तमधल्या लक्सर आणि आस्वान या गावांमध्ये ही क्रूझ चालते, आणि तिथे उन्हाळ्यात पारा सरळ ४० च्या वर जातो, आपल्या जळगाव-चंद्रपूरसारखाच, फक्त जळगावात आपण दुपारी दार लावून घरात बसतो आणि तिकडे उघड्यावरची देवळं बघायला बाहेर पडायचं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. आम्ही जानेवारीत गेलो होतो, आई-बाबा, मी आणि नवरा. दुपारचं ऊन अगदी हवंहवंसं होतं, पण पहाटे आणि रात्री डेकवर जो वारा सुटायचा त्यात आईची शाल कमी पडली, तेव्हा वाळवंट म्हणजे गरमच असणार असं धरून चालू नका, एक जाड स्वेटर आणि कानटोपी हँडबॅगेत पाहिजेच. रमजान कधी येतोय तेही बघून घ्या, त्या महिन्यात बरीच ठिकाणं लवकर बंद होतात.

मग दिशा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे नकाशात खाली दिसणारं आस्वान हे नदीच्या वरच्या अंगाला आणि लक्सर खालच्या अंगाला. लक्सरहून आस्वानला जाणाऱ्या क्रूझ साधारण ४ रात्रींच्या असतात, उलट दिशेच्या ३ रात्रींच्या. इथे बहुतेक जण एक चूक करतात, आम्हीही करत होतो, की ४ रात्री म्हणजे ४ दिवस बोट चालत राहणार. तसं नसतं हो. दोन्ही गावांमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडंसं वर, बोट बराच वेळ लक्सरच्या नाहीतर आस्वानच्या धक्क्याला उभीच असते. म्हणून एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा, बोट कोणत्या दिवशी किती वाजता सुटणार आणि दिवसाउजेडी किती तास चालणार. आम्हाला पहिलं जे पॅकेज आलं होतं त्यात जवळजवळ सगळा प्रवास रात्रीचा होता, म्हणजे नदीसाठी पैसे भरायचे आणि नदी बघायची नाही. ते आम्ही नाकारलं आणि दिवसा चालणारी बोट घेतली, आणि पूर्ण ट्रिपमधला तो सगळ्यात चांगला निर्णय होता असं मला अजूनही वाटतं.

आता केबिन, आणि याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी भरपूर, त्यामुळे बोटी एकीला एक चिकटून लावतात. लक्सरला आमची बोट किनाऱ्यापासून चौथी होती. म्हणजे रस्त्यावरून आपल्या खोलीत जायचं तर आधी तीन परक्या बोटींच्या रिसेप्शनमधून जायचं, एकीतून दुसरीत जाताना मध्ये एक फळी, आणि दोन्ही बोटींचे उंबरे कधीच एका रेषेत नसतात, एक वीतभर वर तर दुसरा खाली, आणि खालच्या फटीत पाणी डुचमळताना दिसतं. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. पहिल्याच संध्याकाळी तिसऱ्या फळीवर ती थांबली आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. बोटीवरच्या एका पोऱ्याने पटकन येऊन दुसरा हात दिला म्हणून ती पार झाली. हे दिवसातून दोनदा-तीनदा करायचं असतं. म्हणून घडीची काठी घ्या, मागे पट्टा असलेले आणि तळ न घसरणारे सँडल घ्या, स्लीपर नको, फळीवरून जाताना दोन्ही हात मोकळे राहतील अशी खांद्याची छोटी सॅक घ्या. आणि बुकिंगच्या वेळीच विचारा की बोटीला लिफ्ट आहे का, कारण बऱ्याच बोटींना नसते आणि डेक चार-पाच मजल्यांचे असतात.

केबिन मागताना मधला मजला आणि पुढची बाजू मागा. अगदी खालच्या मजल्याची खिडकी पाण्याला टेकलेली असते, मागच्या बाजूला इंजिनची घरघर आणि डिझेलचा वास येतो, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर डोक्यावर सनडेकच्या खुर्च्या सरकतात. बोट धक्क्याला असताना पडदा लावूनच कपडे बदला, शेजारच्या बोटीची खिडकी हात लांब केला तर लागेल इतकी जवळ असते.

पैशांचं काम निघायच्या आठवडाभर आधी उरकायचं. मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं, आणि आपल्या बँकांची कार्डं परदेशातल्या व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ॲपमध्ये जाऊन ती आपण चालू करावी लागतात. बाबांचं कार्ड चालू करायचं राहिलं होतं आणि लक्सरच्या कर्नाक देवळाच्या तिकीट खिडकीपुढे मागे रांग असताना आम्ही ओटीपीची वाट बघत उभे होतो, तेव्हा घरूनच करून जा, आणि एक नाही दोन कार्डं न्या. आपलं यूपीआय तिकडे धरून चालू नका. सुट्टे पैसे मात्र रोखच लागतात, कारण बक्षीस. हो, आपलाच शब्द, तिकडे बकशीश म्हणतात, आणि टॉयलेटपासून सामान उचलणाऱ्यापर्यंत सगळीकडे चालतो. याचा त्रास करून घेऊ नका, बजेटमध्ये धरूनच चला, छोट्या नोटांची वेगळी पाकिटं करा म्हणजे दर वेळी मोठं पाकीट उघडावं लागत नाही. बोटीवरच्या स्टाफची टिप बहुतेक वेळा शेवटच्या रात्री एकत्र घेतात आणि गाइडची वेगळी, किती अपेक्षित आहे ते बुकिंग करतानाच विचारून ठेवा. आणि एक, नोटांवर ५० इजिप्शियन पाउंड आणि ५० पियास्त्र यात गल्लत होते, पियास्त्र म्हणजे पाउंडाचा शंभरावा भाग, सुट्टे परत घेताना नोट उलटून बघा. किमतीच्या पाट्या अरबी आकड्यांत असल्या तर लक्षात ठेवा की तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा असतो. हे कागदावर लिहून आईला दिलं, तिला दोन दिवसांत पाठ झालं आणि मग भाव तीच वाचायला लागली.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. पेनकिलरमध्ये ट्रामाडॉल आहे का ते नक्की बघा, गुडघे-कंबरेसाठी आपल्याकडे सर्रास लिहून देतात, पण इजिप्तमध्ये ते नियंत्रित औषध आहे आणि त्यावरून परदेशी प्रवाशांना तुरुंगात जावं लागलंय. डॉक्टरांकडून दुसरं लिहून घ्या. बोटीवर डॉक्टर असेलच असं नाही, तेव्हा जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, उलटीचं औषध स्वतःजवळ हवंच. दात घासायलासुद्धा बाटलीचंच पाणी. ड्रोन घरी ठेवा, विमानतळावर जप्त होतो. चार्जरची दोन गोल पिनांची साधी प्लग तिकडे बसते, तीन पिनांची बसत नाही.

जेवणाची काळजी लोक उगाच जास्त करतात आणि चुकीच्या ठिकाणी करतात. नाश्त्याला फूल मेदामेस म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, तामेया म्हणजे त्याच दाण्यांची वडी, रोज ताजी भाकरीसारखी आइश, ताहिनी, भाजलेल्या वांग्याचं बाबा गनूश, भात, कोशिंबिरी, शाकाहारी माणसाचं पोट आरामात भरतं. गडबड होते ती सूपमध्ये आणि मोलोखियामध्ये. मोलोखिया दिसायला आपल्या पालेभाजीसारखी, हिरवीगार बुळबुळीत, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असते. तेव्हा "नबाती" हा शब्द शिकून जा, म्हणजे शाकाहारी, आणि पहिल्याच जेवणाला आचाऱ्याला भेटून सांगा. बोटीवर चढताच एक गडद लाल गार सरबत हातात देतात, करकडे, आईने एक घोट घेतला आणि म्हणाली अगं ही तर अंबाडी! आणि खरंच, लाल अंबाडीच्या बोंडांचंच असतं ते. मेतकूट, भाजके पोहे, लिंबाचं लोणचं थोडं न्या, कुकर किंवा केटल नेऊ नका, केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, गरम पाणी डायनिंगमध्ये मागितलं की मिळतं.

आता अबू सिंबेल, म्हणजे डोंगरात कोरलेली मोठ्या पुतळ्यांची देवळं. पॅकेजमध्ये आहे का ते बघा, बऱ्याचदा नसतं आणि तिथे गेल्यावर वरचे पैसे मागतात. आस्वानपासून साधारण २८० किलोमीटर, पहाटे चारच्या आसपास गाडी निघते, एका बाजूला तीन-साडेतीन तास. मधुमेह असलेल्या माणसासाठी हा दिवस सगळ्यात अवघड, कारण नाश्ता म्हणून हातात खोका देतात आणि त्यात पाव, केक, ज्यूस, सगळं गोड. बाबांसाठी आम्ही आदल्या रात्रीच उकडलेली अंडी आणि काकडी मागून ठेवली, दाणे आणि खाकरे जवळ होते, गोळीची वेळ ठरवून घेतली. एवढं करून जा, पण जाच. आस्वानचं मोठं धरण बांधायला घेतलं तेव्हा ही देवळं पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातले ते अख्खे दगडी पुतळे कापून, तुकडे करून ६५ मीटर वर नेऊन परत जोडले. कोयनेच्या धरणात बाबांच्या आत्याचं गाव गेलं, ते तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होते. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यात जातात म्हणून तुफान गर्दी असते, गुडघेवाल्यांना घेऊन त्या तारखा टाळा.

व्हॅली ऑफ किंग्ज म्हणजे लक्सरजवळची जुन्या राजांच्या कबरींची दरी, तिच्या साध्या तिकिटात तीन कबरी येतात, तुतानखामून आणि सेती पहिला यांची तिकिटं वेगळी. कोणत्या तीन ते गाइडवर सोडू नका. रामसेस चौथ्याची जवळजवळ सपाट उताराची आहे, रंग पण सुंदर, आईला जमली. थुटमोस तिसऱ्याची उभ्या जिन्यांची आहे, ती नको. वाटेत एदफू गावाला बोटीपासून देवळापर्यंत टांगे असतात, भाव आधी ठरवूनच बसा, आणि घोडा अशक्त दिसला तर बसूच नका, सरळ रिक्षा घ्या, मिळते. कोम ओम्बो काठावरच आहे, उतरलं की देऊळ.

वाटेतल्या एस्नाला बोट लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दारांच्या कप्प्यातून जाते, एका वेळी दोन बोटी आत घेतात, त्यामुळे कधीकधी तासन् तास रांगेत थांबावं लागतं, म्हणून बोट पोचण्याच्या दिवशीचं विमान काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा. तिथेच छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि चादरी, झगे प्लास्टिकच्या पिशवीत घालून खालून थेट चार मजले वर डेकवर फेकतात, नेम इतका पक्का की पिशवी पायाशी येऊन पडते. घ्यायचं नसेल तर उघडू नका, लगेच परत टाका. घ्यायचं असेल तर भाव ठरल्यावर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे. ती माणसं लाटांवर हलत्या होडीत उभं राहून पोट भरतात, अगदी शेवटच्या दहा पाउंडांसाठी घासाघीस करू नका.

आणि ज्या दुपारी बोट चालणार आहे ती दुपार रिकामी ठेवा. मसाज, गलाबिया पार्टीसाठी (तिथले लांब झगे घालून बोटीवर होणारी पार्टी) शॉपिंग, फोन चार्ज करत केबिनमध्ये पडून राहणं, सगळं दुसऱ्या वेळी. तीनच्या आत वर जाऊन डेकच्या पुढच्या टोकाला खुर्च्या धरा, नंतर मिळत नाहीत, आणि टोपी, पाणी, स्वेटर एकदमच वर न्या म्हणजे आई-बाबांना परत जिने नकोत. दोन्ही काठांना खजुरी, मग उसाचे फड, म्हशी पाण्यात, आणि हिरवा पट्टा संपतो तिथे लगेच पिवळा डोंगर. बाबा सांगलीकडचे, ते तीन तास खुर्चीवरून उठले नाहीत, ऊस कितव्या महिन्याचा असेल, पाणी मोटरने उचलतात की पाटाने, हे मला सांगत होते, आणि अंधार पडल्यावर मी स्वेटर दिला तेव्हा म्हणाले अजून थोडं बसू.